डाव्या अंगठ्याचा सूर

"जिना चढू नकोस," एस्तेरबाई म्हणाल्या.

मी पियानोवरून हात उचलले. चर्चमध्ये आम्ही दोघीच होतो. बाहेर शाळेच्या मैदानावर मुलं आट्यापाट्या खेळत होती आणि त्यांचा आरडाओरडा खिडक्यांतून आत येत होता.

"पुन्हा वाजव."

मी डाव्या हाताची करंगळी खालच्या पट्टीवर ठेवली, मनगट फिरवलं आणि अंगठा वरच्या पट्टीकडे नेला. दोन्ही सूर वाजले, पण एकामागून एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे.

"परत तेच! अगं, कॉर्ड म्हणजे सगळे सूर एकदम. दार उघडलं की घरातली सगळी माणसं एकदम दिसायला हवीत. तू एकेकाला हाक मारून बाहेर बोलावतेस."

"अंगठा पोचत नाही, बाई."

"हात ठेव इथं."

मी पियानोच्या झाकणावर पंजा पसरला. बाईंनी शेजारी आपला ठेवला. एस्तेरबाई अंगाने शिडशिडीत, पांढऱ्या साडीत अगदी काठीसारख्या दिसायच्या. हात मात्र एखाद्या पैलवानाकडून उसने आणल्यासारखे होते. माझा पंजा त्यांच्या तळव्यावर ठेवला असता तर चारी बाजूंनी जागा उरली असती. सतरा वर्षांची घोडी झाले तरी मला बांगड्या शाळकरी पोरींच्या मापाच्या लागत. कासारीण दर वेळी म्हणायची, "तुला भरताना मला काचच लागत नाही बघ."

बाईंनी दोन्ही हात निरखले.

"सुवार्ता, तुझा कान चांगला आहे. मेहनत तर तू गाढवासारखी करतेस. पण मॅडम असत्या ना, तर त्यांनी तुला विणकामाला बसवलं असतं."

मॅडम म्हणजे परदेशातून नगरला आलेल्या मिशनरी बाई. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं. आमच्या चर्चचा पियानो त्यांनी आणला आणि हंगामाच्या सणाच्या गीताला चालही त्यांनीच बांधली. त्यांचे स्वतःचे हात एवढे मोठे होते की त्यांनी लिहिलेल्या कॉर्डमध्ये डाव्या हाताची करंगळी एका गावाला आणि अंगठा दुसऱ्या गावाला असायचा. बोर्डिंगमध्ये नव्या मुली आल्या की मॅडम सगळ्यांना ओळीने उभं करून पंजे टेबलाच्या कडेवर पसरायला लावत. ज्यांचा पंजा खुणेपर्यंत पोचेल त्या पियानोला, बाकीच्या लोकरीच्या सुयांना. त्या ओळीत एकदा आठ वर्षांची एस्तेर रणपिसे उभी होती. तिचा पंजा खुणेच्या पुढे गेला, आणि तेव्हापासून पियानो तिचा झाला.

माझ्या वेळी ओळ नव्हतीच. शिकायला येणारी मी एकटी. म्हणून बाईंनी मला घेतलं होतं, आणि हे त्या मला विसरू देत नसत.

आता त्यांना कमी दिसू लागलं होतं. हा सण झाला की त्या पियानो सोडणार होत्या आणि आपल्यामागे कोण हे त्यांनीच सांगायचं असं कमिटीने ठरवलं होतं. पुण्याचा एक मुलगा यायला तयार होता. त्याचे हात कसे आहेत याची चौकशी बाईंनी करून ठेवली होती. लांबसडक आहेत असं कळलं होतं.

मला तो पियानो हवा होता. दुसरं काहीच नको होतं. रविवारी सकाळी झाकण उघडल्यावर जुन्या लाकडाचा आणि कापराच्या वड्यांचा जो वास यायचा, तेवढ्यासाठीसुद्धा मी आठवडाभर जगत असे.

घरी माझ्या हातांवर जो तो इलाज सांगत होता. आत्या म्हणाली, म्हैस पिळ, बोटं लांब होतात. शेजारच्या मावशींनी कोमट तेलात हात बुडवून ठेवायला सांगितलं. मी स्वतः डोकं लढवून बोटांच्या बेचक्यांत औषधाच्या बाटल्यांची बुचं खोवून बसत असे. एकदा तशीच डुलकी लागली आणि उठल्यावर मला अंगठा हलवता येईना.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "हात आहेत का दोरीवरची धुणी, ताणून वाळत घालायला? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमच्या पोरीला अंगणच मोठं झालंय."

"हसू नकोस गं आई."

"हसू नको तर काय करू? चांगले हात आहेत तुझे. भाकरी बघ कशी गोल येते. येत नाही म्हणा." आणि ती पुन्हा हसली.

पप्पा एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. ते हसत नसत आणि बोलतही फार नसत. पण सणाच्या आधीच्या रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी एस्तेरबाईंना चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. मी मागेच उभी होते.

"सलाम, बाई. पोरीचं काय करू ते सांगा. तिची मावशी मिरजेला आहे. नर्सिंगला घालते म्हणते."

बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घाला. मुलगी गुणी आहे, आढाव. पण हात नाही."

"म्हणजे पियानोचं..."

"पियानो मी पुण्याच्या मुलाला देणार आहे. सण झाला की कळवते त्याला."

पप्पांनी मान हलवली. घराच्या फाटकाशी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "मिरज काही वाईट गाव नाही." मी आत गेले, उशीत तोंड खुपसलं आणि पोटभर रडले.

आणि मग बुधवारी एस्तेरबाई कोंबडीमागे धावल्या.

हंगामाच्या सणाला प्रत्येक घरातून काहीतरी पहिलं पीक देवाला येतं. शेतकरी बाजरी, तूर, शेंगा आणतात. गावात राहणारे ज्याला जे जमेल ते आणतात, आणि उपासना झाली की त्या सगळ्याचा लिलाव होतो. एस्तेरबाई दर वर्षी एक कोंबडी पोसून देत. बुधवारी ती कोंबडी कुंपणावरून पळाली, बाई तिच्यामागे पळाल्या आणि धुण्याच्या दगडावरून घसरल्या. डावं मनगट मोडलं. कोंबडी मात्र ठणठणीत होती.

मी भेटायला गेले तेव्हा त्या खाटेवर ताठ बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. प्लास्टरच्या तोंडातून बोटं तेवढी बाहेर आली होती.

"रविवारी कोण वाजवणार?" मी विचारलं. खरं तर मला विचारायचं होतं की दुखतंय का.

"पुण्याचा मुलगा दुसऱ्या चर्चमध्ये अडकलाय." मग त्या जिवावर आल्यासारखं म्हणाल्या, "दुसरं आहे कोण?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण मला आठवली. त्यातलं गाढव कोण हेही लगेच लक्षात आलं. तरी मला इतका आनंद झाला की मी त्यांचा धड हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"नाचू नकोस. बाकीची गीतं तुला येतात. प्रश्न हंगामाच्या गीताचा आहे. एकेका गावचे लोक त्यावर चालत वेदीपर्यंत येतात. डोक्यावर पोती असतात. तू जिना चढत बसलीस तर त्यांचे पाय अडखळतील."

"मग काय करू?"

"दोन्ही हातांचे चारही सूर एकदम वाजव."

"पण बाई..."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

तीन दिवस मी चर्चमध्ये पडीक होते. कॉर्ड तोडून वाजवली की चाल लंगडी होत होती. अंगठ्याचा सूर उजव्या हाताला द्यावा म्हटलं, तर उजवा हात आधीच त्याच्या दोन सुरांमध्ये ताणलेला. मॅडमनी कुठे फटच ठेवली नव्हती. शेवटी शनिवारी दुपारी मी दमून डावा अंगठा नुसता बाजूला ठेवला आणि उरलेले तीन सूर वाजवले. एकदम वाजले, चाल सरळ पडली. पण कॉर्ड पोकळ लागली. मधला तो एक सूर होता म्हणून तिला गोडी होती. तो गेल्यावर राहिलं ते आळणी वरण.

मागच्या बाकावरून आवाज आला, "एक सूर गेला कुठे?"

एस्तेरबाई हात गळ्यात बांधून कधी येऊन बसल्या होत्या मला कळलंच नव्हतं.

"सोडला, बाई. तो सोडला की चाल बसते."

"सोडला? देवापुढे उभं राहून गायचं आणि कॉर्डमधला मुख्य सूरच सोडायचा? ओहोळसाहेबांना सांगते, उद्या हे गीत पेटी-तबल्यावर होऊ दे."

ओहोळसाहेब म्हणजे आमचे पाळक. ते भले गृहस्थ होते आणि बाईंना टरकून असत. बाईंनी सांगितलं असतं तर ते हो म्हणाले असते. मला एकदम वाटलं, आता गप्प बसले तर मी थेट मिरजेच्या गाडीतच जाऊन बसेन.

"मी वाजवणार, बाई."

"काय वाजवणार? अर्धं?"

"अर्धं तर अर्धं. माझे हात जेवढे आहेत तेवढं."

त्यांच्याशी असं कोणी बोलत नसे. त्या उठल्या, जवळ आल्या, आणि मला वाटलं आता कानाखाली बसते.

"वाजव," त्या म्हणाल्या. "पण ऐकून ठेव. उद्या तो सूर नसला तर सोमवारी मी पुण्याला निरोप पाठवणार. मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

रविवारी चर्च ओळखू येत नव्हतं. खांबांना बाजरीची कणसं बांधली होती, वेदीपुढे भोपळे रचले होते, पेरूंचा वास सगळीकडे भरला होता आणि कुठल्याशा पाटीखालून एक कोंबडी सारखी कुरकुरत होती. खेड्यांवरची मंडळी पहाटेच्या एस. टी.ने आली होती. ती नेहमी मागच्या बाकांवर बसत. त्यांचे पुढारी लाजरसबाबा खरात, मोठ्या मिशांचे. त्यांचं गाणं सगळ्यांच्या एक पाऊल मागून चालायचं, अशी गावातल्या लोकांची तक्रार असे.

एस्तेरबाई पहिल्या बाकावर बसल्या. इतक्या वर्षांत त्या बाकावर त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांचं तोंड कायम पियानोकडे आणि पाठ मंडळीकडे असायची. प्लास्टरचा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि नजर माझ्या हातांवर.

ओहोळसाहेब म्हणाले, "आता हंगामाचं गीत. आपापली अर्पणं घेऊन पुढं या."

मी पहिली कॉर्ड वाजवली. अंगठ्याविना.

पोकळ वाजली. रिकाम्या हंड्यावर टिचकी मारावी तशी. माझे कान गरम झाले. पहिल्या ओळीला मंडळी उठली आणि नेहमीसारखीच तोंडातल्या तोंडात गाऊ लागली. फरक एवढाच की आज ते पुटपुटणं ऐकू येत होतं. बाईंच्या भरगच्च वाजवण्याखाली ते सगळं झाकलं जायचं. आज ते उघडं पडलं. प्रत्येकाला आपला आवाज ऐकू आला आणि प्रत्येक जण दचकला. मागून लाजरसबाबांचा खर्ज एक पाऊल मागून आला. पुढच्या बाकांवरच्या काही बायका वळून बघायला लागल्या. कोणीतरी हसलं.

पहिलं कडवं संपत आलं. संपलं सगळं, मला वाटलं. आता मिरज. तरी मी वाजवत राहिले, कारण पहिलं गाव पोती घेऊन निघालं होतं आणि त्यांच्या पायांना चाल हवी होती.

दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या कॉर्डला उजवीकडून एक आवाज आला. खरखरीत, न वापरलेला, गंजलेल्या बिजागरीसारखा. एकच सूर. पुढच्या कॉर्डला पुन्हा आला. तिसरीला पुन्हा. शब्द नीट लागत नव्हते, पण सूर अचूक होता, आणि तो नेमका तोच सूर होता जो मी सोडत होते.

मी मान वळवली. एस्तेरबाई गात होत्या.

गात होत्या म्हणणंही चूकच. त्या चिडल्या होत्या. प्रत्येक कॉर्डला, राहून गेलेला खिळा ठोकावा तसा, तो सूर ठोकत होत्या. कपाळावर आठ्या होत्या. प्लास्टरच्या तोंडातून बाहेर आलेला त्यांचा डावा अंगठा प्रत्येक कॉर्डला हलत होता. पट्ट्या दूर होत्या, अंगठा अडकलेला होता, म्हणून त्याचा सूर गळ्यातून बाहेर पडत होता. मला खात्री आहे की आपण गातो आहोत हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

कॉर्ड भरली. गोडी परत आली. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्हींमुळे मी उजव्या हाताची एक पट्टी चुकले. बाईंनी तेवढ्यातही माझ्याकडे डोळे वटारले.

त्यांच्या मागच्या बाकावर बोर्डिंगमधल्या जुन्या मुली बसत, म्हणजे आता आज्या झालेल्या बायका. मॅडमनी त्यांना प्रत्येकीचा वेगळा सूर शिकवला होता. लोकरीच्या सुया हातात आल्या म्हणून त्या गाणं विसरल्या नव्हत्या. एकीने बाईंचा सूर उचलला. दुसरीने तिच्या खालचा. तिसऱ्या कडव्याला दुसरं गाव निघालं तेव्हा पुढचे तीन बाक मोकळ्या गळ्याने गात होते. आता मागच्या खर्जाला वळून बघणारं कोणी नव्हतं. तो खर्ज एक पाऊल मागून येत होता खरा, पण डोक्यावर पोतं घेऊन चालणाऱ्याचं पाऊलही तसंच पडतं. मी चाल जरा सैल केली. लाजरसबाबा माझ्याबरोबर आले. किंवा मी त्यांच्याबरोबर गेले.

मग माझ्या लक्षात आलं की करंगळीचा सूरही आता मागच्या बाकांकडे आहे, आणि माझ्यापेक्षा चांगला आहे. शेवटच्या कडव्याला मी डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवून दिला.

काहीच कमी झालं नाही. एका हाताने मी नुसती वाट दाखवत होते आणि ते अवघं चर्च, पोती आणि भोपळे आणि मिशा आणि पदर, माझ्या अंगावर चालून येत होतं. एवढ्या मोठ्या कॉर्डमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा बसले होते. मला भीती वाटली आणि खूप बरं वाटलं.

गीत संपलं. ओहोळसाहेब थोडा वेळ आशीर्वादाचे शब्दच विसरले.

बाहेर मैदानात लिलाव सुरू झाला. पप्पा दाराशी उभे होते. एस्तेरबाई बाकावरून उठल्या नव्हत्या, म्हणून मीही पियानोजवळच थांबले. पुण्याला निरोप जाणार की नाही, ते आता ऐकायचं होतं.

तेवढ्यात लाजरसबाबा पागोटं सावरत पुढे आले.

"सलाम, बाई. हात कसा हाय?"

"बरा आहे."

"आज लई दिसांनी गळा मोकळा झाला बगा."

बाईंनी वर पाहिलं. "लई दिसांनी म्हणजे? दर वर्षी गात नाही का तुम्ही?"

"गातू की." बाबा जरा घुटमळले. "पर बाई, खरं सांगू का? राग नका धरू. तुमी वाजवाया लागल्या की आमचा आवाज आमालाच ऐकू येत नवता. मंग आमी आपले व्हट हालवायचो."

"ओठ हलवायचा?"

"व्हय. आमाला वाटायचं, बाईला आमचं गाणं काय पसंत न्हाई. म्हून त्या दाबून वाजवत्यात."

बाहेर कोणीतरी भोपळ्याचा भाव पुकारत होतं.

"मला वाटायचं मंडळी गातच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "चर्च ओकंबोकं वाटू नये म्हणून मी आणखी जोरात वाजवायचे."

लाजरसबाबांनी मिशीवरून हात फिरवला. "पर वाजवत व्हता झकास," ते म्हणाले, आणि आपल्या बाजरीचा लिलाव बघायला निघून गेले.

बाई उठल्या. सरळ दाराशी गेल्या. मी मागोमाग गेले.

"आढाव, मिरजेचं काय ठरलं?"

पप्पा गोंधळले. "तुम्हीच म्हणालात ना बाई, हात नाही."

"म्हणाले होते. नाहीच आहे. उद्या सकाळी उठून वाढणारही नाही." त्या थांबल्या. "नर्सिंग शिकायचं असेल तर इथल्या दवाखान्यात शिकू दे. पोटाला लागतंच. पण बाहेरगावी नको. रविवारी ती मला इथं हवी आहे."

"आणि पुण्याचा मुलगा?"

"त्याला त्याचं चर्च आहे."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ते कधी नव्हे ते हसले आणि घाईघाईने लिलावाच्या गर्दीत शिरले. मला वाटतं त्यांना डोळे पुसायचे होते. त्या दिवशी त्यांनी घरी एवढे पेरू आणले की आईने आठवडाभर आम्हाला पेरूचीच कोशिंबीर घातली.

मी बाईंचे आभार मानायला तोंड उघडलं, पण त्यांनी धड हाताने मला गप्प केलं आणि परत आत नेलं. पियानोशी आल्यावर त्या स्टुलावर बसल्या नाहीत. कडेला उभ्या राहिल्या, जिथे त्या वाजवून दाखवताना मी उभी राहत असे.

"शेवटच्या कडव्यात डावा हात का काढून घेतलास?"

"मागचे बाक गात होते, बाई."

"हं." त्यांनी अडकलेल्या अंगठ्याने झाकणावर एकदा टकटक केलं. मग घसा साफ केला. "मी शाळेत असल्यापासून कधी गायले नाही. हात रिकामे नसायचे. आज कसा लागला माझा आवाज? खरं सांग."

"गंजलेला होता," मी म्हणाले. खोटं बोलायची त्यांनी सोयच ठेवली नव्हती. "पण सूर पक्का होता."

"गंज निघेल." त्या स्टुलाकडे बोट करून म्हणाल्या, "बस. पहिल्यापासून घे. सावकाश. आणि कोणता सूर सोडणार आहेस ते मला आधी सांगत जा."

"कशाला, बाई?"

"कशाला म्हणजे काय? मी तो धरीन."